फ्लास्कच्या बुचावरची गाठ

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटे. प्रयोगवहीतल्या या नोंदीपुढे मी एकच वाक्य लिहिले आहे: "बूच कोणीतरी उघडले होते." वास्तविक त्या घटकेला याहून मोठी गोष्ट लिहिण्यासारखी होती. फ्लास्कमध्ये स्फटिक उभे होते. तीन महिने ज्यांची मी वाट पाहिली ते पिवळे, सुईसारखे बारीक स्फटिक तळापासून वर आले होते आणि खिडकीतल्या उन्हात त्यांच्या कडा चमकत होत्या. परंतु माझी नजर आधी बुचावरच्या दोऱ्याकडे गेली, आणि तिथून ती हलेना.

मी तेव्हा सांगलीच्या एका महाविद्यालयात एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझ्या प्रकल्पात एक नवा सेंद्रिय पदार्थ तयार करायचा होता. नवा म्हणजे पुस्तकात ज्याची नोंद नाही, ज्याचा द्रवणांक, म्हणजे तो नेमका किती अंशांना वितळतो हा आकडा, कोणत्याही तक्त्यात सापडत नाही असा. पदार्थ तयार होत होता, पण शुद्ध होत नव्हता. शुद्धीची रीत ऐकायला अगदी सोपी आहे. अशुद्ध घन पदार्थ गरम द्रावकात, शक्य तेवढ्या कमी द्रावकात, विरघळवायचा. गरम असतानाच गाळायचा. मग घाई न करता थंड होऊ द्यायचा. थंड होताना स्फटिक बांधला जातो. तो आपल्याच जातीचा रेणू आत घेतो आणि परका बाहेर द्रावणात ठेवतो. यालाच पुनर्स्फटिकीकरण म्हणतात. पदार्थाचा स्वभाव एवढा संशयी असतो म्हणूनच तो शुद्ध होऊ शकतो, हे मला पहिल्या वर्षापासून पटलेले होते.

माझा पदार्थ मात्र दर वेळी तेलासारखा खाली बसे. स्पिरिटमध्ये विरघळे, थंड होई, आणि तळाशी तांबूस-पिवळा चिकट थर जमे. काचेच्या कांडीने आतली बाजू घासून पाहिली, बर्फात ठेवून पाहिले, द्रावकात पाण्याचे थेंब टाकून पाहिले. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात माझ्या वहीत "तेल" हा शब्द एकोणीस वेळा आला आहे.

घाई होती ती बुधवारची. आमच्या मार्गदर्शक मॅडमना पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नमुन्याच्या सखोल तपासणीसाठी एकच जागा मिळाली होती. बुधवारी दुपारी बारा वाजता त्या नमुना स्वतः घेऊन निघणार होत्या. अट अशी की नमुना किमान दोनशे मिलिग्रॅम असावा, आणि त्याचा द्रवणांक दोन माणसांनी वेगवेगळा वाचलेला असावा, दोन्ही वेळा वितळण्याची सुरुवात आणि शेवट एका अंशाच्या आत. ती तपासणी झाली तर माझ्या प्रबंधाचे मुख्य प्रकरण उभे राहणार होते, आणि त्याच प्रकरणाच्या बळावर मी पीएच. डी.साठी अर्ज करणार होते. माझा नमुना तयार नसेल तर जागा माझ्या टेबलशेजारणीला मिळणार होती. तिचा पदार्थ पहिल्याच खेपेला स्फटिक होऊन बसला होता आणि जानेवारीपासून शिशीत तयार होता.

ही शेजारीण आष्ट्याची. घरचा ऊस, एक भाऊ लष्करात, आणि बोलणे असे की समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ती पुढच्या वाक्यावर गेलेली असे. चहाची किटली, पावडर आणि साखरेचा डबा तिच्याच कपाटात. वडील कारखान्याचे सभासद असल्यामुळे साखर घरची, आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाने ती घ्यावी असा तिचा आग्रह असे. माझ्या फ्लास्ककडे पाहून ती रोज काहीतरी म्हणे.

"तुझं तेल काढून झालं असंल तर जरा सरक बाई, मला हॉट प्लेट पायजे."

"बारा वाजेपर्यंत माझी वेळ आहे. नाव लिहिलेलं आहे बघ."

"लिहिलंय गं. तू श्वास घेतीस ते बी वहीत लिहितीस, मला ठावं हाय."

मी हसत नसे. तिच्या थट्टेत माझ्या अपयशाची मोजणी आहे, असे मला वाटे. जागा एक आणि उमेदवार दोघी असताना कोणाच्याही थट्टेला निव्वळ थट्टा समजणे हे मला निष्काळजीपणाचे वाटत होते.

आता दोऱ्याविषयी. माझे गाव औंधच्या पूर्वेला, यमाईचा डोंगर जिथून बोटाएवढा दिसतो अशा कोरड्या रानात आहे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे होती. माझ्या लहानपणी वडिलांनी अर्धी विकून विहिरीवर शेती धरली. उरलेली मेंढरे जाळीच्या कुंपणात, आमच्या बोलीत वाघरीत, बसत. वाघरीचे तोंड वडील स्वतः बांधत आणि गाठ मारत ती त्यांचीच: एक निरगाठ, तिच्यावर उलटा वेढा, आणि टोक आत दडवलेले. सकाळी गाठीला हात लावण्याआधी ते ती नुसती पाहत. एकदा गाठ बदललेली दिसली. ते काठी घेऊन थेट शेजारच्या वाड्यावर भांडायला गेले. परत येऊन मोजतात तर एक कोकरू जास्त भरले. आमचेच चुकलेले कोकरू शेजाऱ्याने पहाटे आणून सोडले होते. घरात ही गोष्ट आई अजून सांगते, वडील समोर बसलेले असताना सांगते, आणि ते "व्हय, लय झालं आता" म्हणून उठून जातात.

मी ती गाठ शिकले. प्रयोगशाळेत फ्लास्कच्या बुचावरून पांढरा दोरा नेऊन मानेवर तशीच गाठ मारण्याची सवय मला डिसेंबरपासून लागली. शनिवारी, ८ तारखेला दुपारी, मी ताजे गरम द्रावण फ्लास्कमध्ये भरले, बूच लावले, गाठ मारली आणि गावी जाण्यासाठी विट्याची एसटी पकडली. निघताना शेजारीण म्हणाली, "बाटलीला ताईत बांधलास व्हय? गुण येईल बघ." सोमवारी सकाळी परत आले तर गुण आलेला होता आणि गाठ दुसऱ्याच कोणाची होती. साधी, सैल, एका बाजूला लांब टोक सोडलेली. ओढले की सुटेल अशी.

मी दोरा न सोडवता बुचावरून अलगद सरकवून काढला, पाकिटात घातला आणि पाकिटावर वेळ लिहिली. मग स्फटिक गाळले, थंड स्पिरिटने धुतले, डेसिकेटरमध्ये वाळायला ठेवले. दुपारी अडीच वाजता वजन भरले सहाशे चौऱ्याऐंशी मिलिग्रॅम. आनंद व्हायला हवा होता. पण तीन महिने जे झाले नाही ते माझ्या गैरहजेरीत, कोणीतरी बूच उघडल्यानंतर झाले होते. माझ्या मनात सरळ प्रश्न होता: आत काय पडले?

द्रवणांक काढण्यासाठी आमच्याकडे जुनीच पद्धत होती. पातळ पॅराफिनच्या काचनळीत थर्मामीटर, त्याला चिकटवलेली केसाएवढ्या पोकळीची काचेची कॅपिलरी, तिच्यात पदार्थाची चिमूट, आणि समोर भिंग. पदार्थ एकशे सोळाला ओला दिसू लागला आणि एकशे अठराला वितळला. दोन अंशांची रुंदी; पदार्थ जितका शुद्ध तितकी ती कमी. अगदी वाईट नाही, चांगलीही नाही. मी ज्योत बंद करणार होते, तेवढ्यात भिंगातून दिसले की पिवळ्या वितळलेल्या थेंबात तीन-चार कण तसेच आहेत. पारदर्शक, कोनदार, जागचे न हललेले. मी तापवत राहिले. एकशे सत्तरच्या पुढे त्या कणांच्या कडा तांबूस झाल्या, मग तपकिरी, आणि शेवटी ते काळवंडले.

जो कण माझ्या पदार्थात वितळत नाही आणि नंतर करपतो, तो माझा नव्हे. थोडे स्फटिक मी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवले. पदार्थ गेला, कण तळाशी राहिले. ते वेगळे करून पाण्याचे चार थेंब टाकले. कण क्षणात नाहीसे झाले. पाण्यात विरघळतो, क्लोरोफॉर्ममध्ये नाही, तापवल्यावर करपतो. पुढची चाचणी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रत्येकाने केलेली असते. त्या पाण्यात मोलिशचे द्रावण टाकले आणि नळी तिरकी धरून तिच्या भिंतीवरून तीव्र गंधकाम्ल सोडले. दोन थरांच्या मध्ये जांभळे कडे उमटले.

साखर.

आमच्या प्रयोगशाळेत साखर एकाच ठिकाणी होती.

त्या दुपारी मी शेजारणीला काही विचारले नाही. ती नेहमीप्रमाणे भडंगाची पुडी घेऊन आली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "खा की. आज तोंड का असं? तुझ्या बाटलीत दाणा पडला म्हणून लॅबचं मामा सांगत हुतं."

"मामांना कसं कळलं?"

"त्यांना डोळं न्हाईत व्हय? समद्या कॉलेजला कळलंय."

मी भडंग घेतले नाही. तिने विचारले नाही की बूच कोणी उघडले, गाठीचे काय झाले. ज्याला काही माहीत नसते तो प्रश्न विचारतो, असा माझा तर्क. प्रश्न नसणे मी तिच्या खात्यात पुरावा म्हणून मांडले. संध्याकाळी वसतिगृहावर बसून मी मॅडमच्या नावे एक पानी अर्ज लिहिला. भाषा नेमकी होती. घटना, वेळ, चाचणी, निष्कर्ष. शेवटच्या परिच्छेदात तिचे नाव होते.

मंगळवारी साडेनऊला मॅडमनी अर्ज वाचला. त्या वाचताना चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत.

"चाचणी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण पुरावा कशाचा आहे? साखरेचा आहे. माणसाचा नाही."

"मॅडम, साखर तिच्याच कपाटात असते. आणि जागा तिलाच मिळणार आहे."

"बोलाव तिला."

ती आली. मॅडमनी अर्ज तिच्या हातात दिला. तिने तो उभ्यानेच वाचला, दोन वेळा, आणि आम्हा दोघींना घेऊन प्रयोगशाळेत गेली. कपाट सताड उघडले.

"बघा मॅडम. ही साखर. ही पावडर. हे भडंग, हिनं काल खाल्लं न्हाई ते. आणि ही माझी शिशी. ह्यात मीठ-बीठ घातलंय का तेवढं हिला तपासायला सांगा." मग ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. मला तो चढलेला हवा होता. "मला तुझं बिघडवायचं असतं तर मी साखर घातली असती व्हय? स्पिरिटात विरघळत न्हाई ती. गरम गाळली की कागदावर राहती. पहिल्या वर्षाचं पोरगं बी सांगंल. मी घातलं असतं तर गाळून निघणार न्हाई असं काय तरी घातलं असतं. एवढं बी मला रसायन येत न्हाई असं वाटलं का तुला?"

हे खरे होते. मी चाचणीने पदार्थ ओळखला होता, आणि मग त्या पदार्थाचा गुणधर्मच विसरले होते. ज्याला रसायनशास्त्र येते तो माणूस घातपातासाठी साखर निवडणार नाही. म्हणजे साखर घालणाऱ्याला रसायनशास्त्र येत नसावे, किंवा त्याला घातपात करायचा नसावा. ही ओळ मी सोमवारी दुपारीच लिहायला हवी होती.

मॅडमनी पाकीट मागितले. मी दोरा टेबलावर ठेवला. नेमके त्याच वेळी प्रयोगशाळेचे मामा, आमचे परिचर, ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन घेऊन आत आले. कॅन खाली ठेवताना त्यांचे लक्ष दोऱ्याकडे गेले.

"ही तर माझी गाठ हाय," ते म्हणाले. "पोत्याची. एक टोक वडलं की सुटती."

मामांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिले.

"मामा, शनिवारी माझा फ्लास्क तुम्ही उघडलात?" मी विचारले.

"उगडला की. तुमची गाठ परत जमली न्हाई ताई, म्हनून आमची मारली. का, सांडलं काय?"

"का उघडलात?"

"आवं, दाना धरंना म्हनून तुमी रोज कुढत हुता न्हवं? मी हितं यायच्या आदी अकरा सीझन कारखान्यात काढलं. पयलं पोती शिवली, मग प्यानवर, पाक आटवायच्या भांड्यावर. पाक कवा कवा असाच मुका बसतोय. कितीबी आटवा, दाना न्हाई. तवा प्यानमन काय करतोय, साखर पिठावानी वाटून इस्पिरिटात कालवतोय आन जराशी आत सोडतोय. घटकाभरात समदं प्यान दान्यानं भरतंय. तुमचं बी इस्पिरिटच हाय. म्हनलं, बगावं. ह्या ताईंच्या डब्यातली चिमूटभर घेतली, वाटली, हात धुवून टाकली."

"पण मामा, तिथे साखरेचाच पाक असतो. हे साखर नाही."

"ते मला काय ठावं? पिवळं दिसतंय, चिकाट हाय. मला वाटलं गुळाच्या जवळचं काय तरी आसंल." मग त्यांनी विचारले, "पर धरला का न्हाई दाना?"

शेजारीण फिस्सकन हसली आणि लगेच तोंड फिरवून खिडकीशी गेली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मामांना बाहेर थांबायला सांगितले आणि अर्ज माझ्याकडे सरकवला.

"विद्यार्थ्याच्या फ्लास्कला हात लावणे ही लहान गोष्ट नाही. ते कंत्राटावर आहेत. हा अर्ज मी पुढे पाठवला तर उद्यापासून दुसरा माणूस येईल. पण यावर नाव वेगळे आहे. नाव बदलून देणार आहेस की परत घेणार आहेस?"

मी कागदाची घडी घालून तो वहीत ठेवला.

"मग कामाला लाग," मॅडम म्हणाल्या. "उद्या बारा. साखर काढायची तर निर्जल अल्कोहोल वापर, आणि गाळताना फनेल थंड पडू देऊ नकोस. वजन घटेल. दोनशेच्या खाली आलीस तर मी तिची शिशी नेईन. आणि ती नेणे योग्यच होईल."

साखरेमुळेच स्फटिक धरले की नुसते बूच उघडल्यामुळे, की शनिवार-रविवारच्या गारव्यामुळे, हे मला आजही सांगता येत नाही. परक्या कणावरही स्फटिक बांधायला सुरुवात होऊ शकते, एवढे पुस्तक सांगते. मामांनी मात्र त्यानंतर निर्णय देऊन टाकला होता. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमी दाना धरवला" असे सांगू लागले होते.

गरम गाळणीत एक अडचण नेहमीची असते. द्रावणात पदार्थ मावेल तेवढा भरलेला असतो, आणि फनेलच्या दांडीत पोचताच ते थंड होऊन तिथेच स्फटिक होऊ लागते. दांडी तुंबली की पदार्थ कागदावर अडकतो आणि साखरेसोबत तोही जातो. मी पहिले ओतणे केले. तिसऱ्या-चौथ्या थेंबाला दांडीत पिवळी रेघ दिसली. एका हातात उकळता फ्लास्क, दुसऱ्या हातात चिमटा. फनेल बदलायला तिसरा हात नव्हता. वर कागदात द्रावण साचू लागले. मी दोनशे मिलिग्रॅमचा हिशेब मनात केला आणि तो जमत नव्हता.

डाव्या बाजूने एक फडके आले आणि फनेलभोवती गुंडाळले गेले. गरम पाण्यात बुडवून पिळलेले. मग दुसऱ्या हाताने तुंबलेले फनेल कागदासकट उचलले गेले आणि त्या जागी हॉट प्लेटवर तापवून ठेवलेले, नवा कागद घातलेले, लहान दांडीचे फनेल आले. ते तिचेच होते. त्यावर तिच्या नावाची चिकटपट्टी होती.

"ओत," शेजारीण म्हणाली. "माझ्याकडं काय बघतीस? थंड हुतंय ते."

मी ओतले. ती फडके बदलत राहिली. कागदावर शेवटी चिमटीएवढी पांढरी पूड उरली. तिने तिला बोट टेकवून पाहिले आणि म्हणाली, "घे. आमच्या उसाची हाय."

"तू हे का करतेस?" मी विचारले. मला खरोखर कळत नव्हते. आणि जे कळत नाही त्याचा मला भरवसा वाटत नाही.

"तुला सांगितलं तरी तू ते तपासून बघशील," ती म्हणाली. "मग कशाला सांगू?"

द्रावण थंड होताना यावेळी मी आधीच्या स्फटिकांतली एक सुई, भिंगाखाली पारखून घेतलेली, आत सोडली. फ्लास्कच्या तळाशी तेल आले नाही. त्यानंतर माझा पदार्थ एकदाही तेल झालेला नाही. संध्याकाळी स्फटिक गाळून डेसिकेटरमध्ये ठेवले. दोरा बांधला नाही. डेसिकेटरला दोरा बांधता येत नाही, हेही कारण होतेच.

बुधवारी सकाळी दहाला वजन भरले: दोनशे शहाण्णव मिलिग्रॅम. मोलिश चाचणीत कडे आले नाही. उरला द्रवणांक, दोन वाचकांचा.

दुसरा वाचक नेहमी शेजारच्या टेबलावरचा असतो. ही विभागाची जुनी रीत आहे: पहिला वाचतो, चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी पालथी ठेवतो, मग नव्या कॅपिलरीने दुसरा वाचतो आणि पहिला पाठ करून उभा राहतो. भिंगातून एका वेळी एकालाच दिसते. दुसरा वाचक काय पाहतो हे फक्त त्यालाच माहीत असते. शेजारणीने चिठ्ठीवर एकशे सोळा ते एकशे अठरा लिहिले असते तर ते खोटे आहे हे मला सिद्ध करता आले नसते, आणि बारा वाजता तिची शिशी पुण्याला गेली असती.

मी माझे वाचन केले आणि चिठ्ठी पालथी ठेवली. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. पॅराफिन पुरेसे थंड झाल्यावर तिने आपली कॅपिलरी लावली.

"तोंड तिकडं," ती म्हणाली.

मी खिडकीकडे वळले. समोर फडताळाची काच होती आणि तिच्यात तिची पाठ दिसत होती, भिंगावर वाकलेली. थोडे उजवीकडे सरकले असते तर थर्मामीटरही दिसला असता. पारा दिसला नसता, पण ती कोणत्या क्षणी लिहिते ते दिसले असते, आणि ज्योतीच्या वेळेवरून मला अंदाज बांधता आला असता. मी काचेवरून नजर काढली आणि खाली मैदानात पाहू लागले. मामा नळाजवळ बाटल्या धूत होते आणि कोणाला तरी हातवारे करून पॅनमध्ये साखर कशी सोडतात ते सांगत होते.

मागून पेन्सिलीचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा पेन्सिल.

"झालं," ती म्हणाली.

मॅडम आल्या तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या उलटल्या. माझ्या चिठ्ठीवर होते एकशे सतरा पॉइंट पाच ते एकशे अठरा पॉइंट पाच. एका अंशाची रुंदी, अटीत जेमतेम बसणारी. तिच्या चिठ्ठीवरची रुंदी माझ्यापेक्षा निम्मी होती.

"फरक अर्ध्या अंशाचा आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही एका अंशाच्या आत आहेत. जाऊ दे." त्यांनी शिशीवर माझ्या पदार्थाचा क्रमांक घातला, ती कापसात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, आणि चिठ्ठ्या घेऊन त्या निघाल्या.

माझ्या मनात प्रश्न होताच. माझ्यापेक्षा चांगला आकडा तिने पाहिला, की दिला? मी ज्योत जरा जोरात ठेवली असेल आणि तिने नेटकी ठेवली असेल, तर तिचे वाचन अधिक खरे ठरते. तिचा हात माझ्यापेक्षा सावकाश चालतो, हे दोन वर्षे एकाच टेबलाशी उभे राहून मला माहीत होते.

"काय बघतीस?" ती म्हणाली. "तिसरी कॅपिलरी लावायची असंल तर लाव. मी मॅडमना थांबवते."

"नको."

"बघ हं. मागून अर्ज लिहिशील."

मी वही उघडली. घडी घातलेला अर्ज त्याच पानात होता. तो बाजूला केला. बुधवार, १२ फेब्रुवारी, असे लिहून आधी माझा आकडा लिहिला, आणि त्याखाली "दुसरे वाचन" असे लिहून वही तिच्यापुढे सरकवली. तिने सही केली आणि वही परत माझ्याकडे ढकलली. आकडा मीच लिहावा म्हणून. चिठ्ठी मॅडमबरोबर गेली होती. मी तिला विचारले, तिने सांगितले, आणि तिने सांगितले तसे मी लिहिले: ११७.५ ते ११८.०.